सत्तावीस हिस्पॅनिक

हे सगळं दोन हजार चोवीस साली झालं. फेब्रुवारीत सुरू झालं आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात संपलं. त्या वर्षी नाशिकच्या पेठ रोडच्या बाजूच्या आमच्या मराठी शाळेत सत्तावीस हिस्पॅनिक मुलं निघाली. त्याआधी एकही नव्हतं आणि नंतर एकही उरलं नाही.

त्या शाळेत मी चौतीस वर्षं शिकवलं. मी आले तेव्हा शाळेच्या तिन्ही बाजूंना शेवंती आणि झेंडू असायचा. दसऱ्याच्या आधी अर्धा वर्ग फुलं तोडायला गायब व्हायचा, आणि आम्ही तो हजर लावायचो. आता तिन्ही बाजूंना इमारती आहेत आणि पोरं कुठे गायब होतात ते कळत नाही. निवृत्त होऊन अठरा वर्षं झाली, तरी माझं जाणं-येणं सुटलं नव्हतं. शाळा व्यवस्थापन समितीत एक जागा 'शिक्षणप्रेमी' अशी असते. म्हणजे पालकांनी पालक व्हायचं, शिक्षकांनी शिक्षक, आणि उरलेल्या एकाने शिक्षणावर प्रेम करायचं. ती जागा माझ्याकडे होती. महिन्यातून एकदा जायचं, चहा घ्यायचा, सही करायची. एवढं प्रेम मला झेपत होतं.

समितीचा अध्यक्ष गोटीराम. मळ्यात अजून दोन एकर गुलाब राखून असलेला माळ्याचा मुलगा, माझाच विद्यार्थी. पन्नाशी उलटली तरी माझ्यासमोर टोपी काढतो. मुख्याध्यापक ज्ञानेश सर. माणूस सज्जन, पण रकाना दिसला की तो भरल्याशिवाय त्यांना झोप यायची नाही.

फेब्रुवारीत योगिनी नावाची मुलगी पुण्याहून आली. एका संस्थेकडून आली होती. तिने एक जाड पुस्तिका टेबलावर ठेवली. 'कुटुंब, समाज आणि शाळा : हिस्पॅनिक मुलांच्या शिक्षणासाठी मार्गदर्शिका.' पुस्तिका मुळात अमेरिकेतली. तिकडे ज्या घरांत स्पॅनिश बोलतात, तिथली मुलं इंग्रजी शाळेत गप्प बसतात आणि मागे पडतात. त्यांच्या घरच्यांना शाळेत कसं आणावं, याचं ते पुस्तक. संस्थेने ते संगणकाकडून मराठीत करून घेतलं, चित्रांतल्या बायकांना साड्या नेसवल्या, पण हिस्पॅनिक हा शब्द बदलायचा राहून गेला. हे मला पुष्कळ नंतर कळलं. त्या दिवशी योगिनीलाही ठाऊक नसावं, कारण पुस्तिका तिच्या हातात आदल्या दिवशी पडली होती.

"सर, एवढा तक्ता भरून द्या," ती म्हणाली. "एकूण विद्यार्थी, आणि त्यापैकी हिस्पॅनिक."

सरांनी चष्मा लावला. एकूण चारशे बारा लिहिले. पुढच्या रकान्यात शून्य.

"शून्य घेत नाही ते," योगिनी म्हणाली. "मोबाइलवर लाल होतं."

"पण नाहीयेत तर?"

"सर, उद्दिष्टच त्यांच्यासाठी आहे. नाहीत असं कसं होईल?"

गोटीराम माझ्याकडे वाकला. "बाई, हे हिस्पॅनिक म्हंजी कोन? आपल्याकडं कधी आले?"

"मला नाही माहीत रे."

"सुरगाण्याकडचे असतील," तो म्हणाला. "नायतर ते प्लंबिंगवाले बिहारी."

सरांना वेगळीच चिंता. "कोणत्या यादीत येतात हे? दाखला कोण देतं, तहसीलदार?"

शेवटी योगिनीला पुस्तिकेच्या मागे शब्दांचे अर्थ सापडले. तिने मोठ्याने वाचलं. "हिस्पॅनिक : ज्या कुटुंबाची घरची भाषा शाळेच्या भाषेहून वेगळी आहे असे. बहुधा दुसऱ्या भागातून आलेले. आजी-आजोबांना मान देणारे. सण मोठ्या उत्साहाने साजरे करणारे."

"मंग आपन समदेच की," गोटीराम म्हणाला.

"भाषा वेगळी पाहिजे, गोटीरामभाऊ," सर म्हणाले, आणि म्हणताम्हणता त्यांचा चेहरा उजळला. "अहिराणी! बागलाणातली पोरं!"

आमच्या शाळेत सटाणा, कळवण, मालेगाव या बाजूंची बरीच मुलं आहेत. बाप बाजार समितीत हमाली करतात नाहीतर भाजीची गाडी चालवतात. घरात अहिराणी. सरांनी हजेरीपट घेऊन बोटांवर मोजलं आणि सत्तावीस आकडा टाकला. मोबाइल हिरवा झाला. सरांनी सुस्कारा सोडला. आता इथे मी एक सांगायला हवं होतं, ते मी सांगितलं नाही. मी चहा प्यायले आणि सही केली.

मी मूळची ताहाराबादची. लग्न होऊन इकडे माळ्यांच्या घरात आले तोवर माझ्या तोंडात अहिराणीच होती. बाहत्तर साली नोकरीला लागले, तेव्हाच्या मोठ्या बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "तुमचं ते शे-फे वर्गाच्या बाहेर ठेवा." शे म्हणजे आहे. मी इतकं बाहेर ठेवलं की पुन्हा आत घ्यायचं राहूनच गेलं. माझ्या दोन्ही मुलांना माहीत नाही. नवऱ्याला माहीत होतं, त्यांनी ते बरोबर नेलं.

पुस्तिकेत पुष्कळ गोष्टी होत्या. पालकांचं फाटकापाशी 'ओला' म्हणून स्वागत करावं, असं एका पानावर होतं. ओला हा स्पॅनिशमधला नमस्कार, हेही मला नंतर कळलं. सरांनी ते दोनदा वाचलं.

"आनि सुका कधी म्हनायचं?" गोटीरामने विचारलं.

सरांनी आपल्या समजुतीप्रमाणे घंटागाडीवाल्याला सांगून एक हिरवा डबा मागवला आणि फाटकाच्या आत ठेवला. त्यावर पांढऱ्या रंगात 'ओला' असं लिहिलं. योगिनीने त्याचाही फोटो काढला.

मी पुस्तिका घरी नेली. वाचायला दुसरं काही नसलं की मी काहीही वाचते. एकेचाळिसाव्या पानावर थांबले. तिथे लिहिलं होतं, 'अशा मुलाची तोंडी परीक्षा त्याच्या घरच्या भाषेत, घरातील वडीलधाऱ्या व्यक्तीच्या उपस्थितीत घ्यावी. अनेकदा मूल विषयात कच्चे नसते, ते फक्त गप्प असते.'

मला दिशाच आठवली.

दिशा पाचवीत. तिचा बाप जीवन दहा वर्षं नाशकात भाजीची पिकअप चालवतो, संध्याकाळी माल भरून वाशीला जातो. दिशा मात्र गावी आजीजवळ वाढली. आजोबा गेल्यावर आजी आणि नात दोघी जून तेवीसमध्ये इकडे आल्या. पहिल्याच आठवड्यात वर्गशिक्षिका मंजुषा मॅडमनी प्रत्येकाला उभं करून विचारलं, घरी कोण कोण आहे. दिशा उभी राहिली आणि आनंदाने म्हणाली, "मना बापनी मी एकलीच आंडेर शे."

आंडेर म्हणजे मुलगी, लेक. अहिराणीत याहून साधा शब्द नाही. पण त्याचा पहिला अर्धा भाग इकडच्या पुरुषांच्या भांडणात वापरतात. वर्ग फुटला. मुलं बाकं बडवायला लागली. मंजुषा मॅडम वाईट बाई नाहीत, पण त्या नाशिक रोडला वाढलेल्या. त्यांनी पोरीला घाण बोलल्याबद्दल बाहेर उभं केलं आणि आजीला बोलावून घेतलं.

आजी, नवसाबाई, आली. मी त्या दिवशी ऑफिसातच होते. मॅडम म्हणाल्या, "तुमची नात शाळेत घाणेरडे शब्द बोलते." नवसाबाईने विचारलं, कोणता. मॅडमना तो उच्चारता येईना. त्यांनी कागदावर लिहिला. नवसाबाईला वाचता येईना. दोघी एकमेकींकडे बघत बसल्या. मग पोरीनेच हळूच सांगितलं. नवसाबाई म्हणाली, "मंग? आंडेरले आंडेर नही म्हनो, ते काय म्हनो?" मॅडमनी कानांवर हात ठेवले. त्या खोलीत दोन्ही बाजू कळणारी एकच बाई होती, आणि ती शिक्षणावर प्रेम करत भिंतीवरचं वेळापत्रक वाचत होती.

त्या दिवसापासून दिशा वर्गात बोलली नाही. लिहायची जेमतेम, बोलायची अजिबात नाही. मॅडमनी वहीत नोंद केली : प्रतिसाद नाही.

त्याच वर्षापासून पाचवीला पुन्हा नापास करायला सुरुवात झाली होती. त्यामुळे एकेचाळिसावं पान मला महत्त्वाचं वाटलं. हिस्पॅनिक असण्याचा त्या पोरीला एक उपयोग होता. मी ठरवलं, पुढच्या सभेत हे सांगायचं.

पण पुढची सभा वेगळीच झाली.

पुस्तिकेत होतं की हिस्पॅनिक कुटुंबांची नावं फलकावर अभिमानाने लावावीत. सरांनी लावली. फाटकाच्या आत, हिरव्या डब्याच्या बरोबर वर. 'आमची हिस्पॅनिक कुटुंबे', खाली सत्तावीस नावं, सुवाच्य अक्षरात. पालकसभेला एरवी आठ-नऊ पालक यायचे, त्यातले चार पोषण आहाराची तक्रार घेऊन. त्या शनिवारी हॉल भरला, व्हरांडा भरला, खिडक्यांतून डोकी आत आली. जीवन आपल्या पिकअपमधून सोळा माणसं घेऊन आला. आयुष्यात शाळेची पायरी न चढलेले बाप पुढच्या बाकावर बसले होते आणि त्यांचे गुडघे हनुवटीला लागत होते.

पहिली उठली नवसाबाई. शाळेत बोलायचं म्हणून तिने आपल्या बोलण्याला मराठीचं ठिगळ लावलं होतं. "सर, मना पोऱ्याले दहा वरीस झायात आठे. रेशन कार्ड इथलं, मतदान इथलं. कोनाला वाईट बोललो नही, कोनाचं काही नेलं नही. मंग आमले हिस्पॅनिक काब्र करं?"

"नवसाबाई, ते वाईट नाही," सर म्हणाले. "अभिमानाचं आहे."

"अभिमानाचं असतं, ते पहिलं नाव तुमनं टाकतात ना! कचराना डबावर आमनं काब्र टाकं?"

हॉल हसला आणि लगेच चिडला. बाजार समितीतला झुंबर हमाल उठला. "उद्या पोरीला स्थळ बघायला पाव्हणे येतील. विचारतील, तुम्ही त्या हिस्पॅनिकातले ना? मग काय सांगू? शाळेने केलं?"

"आमची जात बदलली का ते आधी सांगा," मागून कोणीतरी ओरडलं.

आता इकडची मंडळी जागी झाली. लंकाबाई, आमच्याच गल्लीतली, दोन नातवंडं शाळेत. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "अहो पन आमची नावं का नाय यादीत? कायतरी सवलत असल म्हनूनच तर टाकलं ना त्यांचं? आमाला बी करा हिस्पॅनिक. आमी काय घोडं मारलंय?"

"घ्या आमनं, तुमीच घ्या!" नवसाबाई म्हणाली.

"देती का? लेखी दे."

गोटीराम मध्ये पडला. "ओ लंकाकाकू, बसा खाली. अर्ध्यांना नको, अर्ध्यांना पायजे. असं कसं चालंल?" मग अध्यक्षाचा आवाज काढून म्हणाला, "सगळी नावं काढून टाका, सर. या शाळेत कोनीच हिस्पॅनिक नाय. ज्यांना पटतंय त्यांनी हात वर करा."

सगळे हात वर गेले. लंकाबाईचा सुद्धा, कारण आपल्याला नाही तर कोणालाच नाही, हे तिला पटलं. योगिनी खुर्चीवर चढून फोटो काढत होती. दोनशे अकरा पालक, शंभर टक्के हात वर. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "बाई," ती मला म्हणाली, "इतका सहभाग महाराष्ट्रात कुठेच नाही मिळाला."

मी तोंड उघडायला हवं होतं. एकेचाळिसावं पान माझ्या पिशवीत होतं. पण दोनशे अकरा माणसांपुढे उठून अहिराणीच्या बाजूने बोलायचं तर आधी विचारलं असतं, तुम्हाला काय कळतं अहिराणीतलं? मी हात वर केला होता, तो खाली घेतला, एवढंच.

एक मेला निकाल लागला. दिशा नापास. लेखी काठावर, तोंडी शून्य. जूनमध्ये पुनर्परीक्षा होती, पण जीवनने ज्ञानेश सरांना सांगून टाकलं की तिला आता ताहाराबादला बहिणीकडे पाठवतो. बहिणीला पाठोपाठची दोन लहान मुलं, घरी कोणी बघायला नाही. पोरगी तिथे कामाला येईल. पुनर्परीक्षेत तरी ती कुठे बोलणार आहे? सरांनी मला हे सांगितलं तेव्हा ते दाखल्याचा रकाना भरत होते.

"सर, तोंडी तिच्या भाषेत घ्या," मी म्हटलं. "एकदा घेऊन बघा."

"बाई, मला कागद लागतो. उद्या कोणी विचारलं तर काय दाखवू?"

मी पिशवीतून पुस्तिका काढली. एकेचाळिसावं पान उघडलं. सरांनी ते वाचलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर तो मोबाइल हिरवा झाल्यासारखा उजेड आला. मग मावळला.

"पण हे हिस्पॅनिक मुलांसाठी आहे. आपल्याकडे ठराव झालाय, कोणीच हिस्पॅनिक नाही."

"घरच्यांनी आम्ही हिस्पॅनिक, असं लिहून दिलं तर?"

"दिलं तर होईल. एका मुलीपुरतं होईल. पण आजी देईल लिहून? ती? आणि परीक्षा घेणार कोण? आपल्या स्टाफमध्ये अहिराणी येणारं कोणी नाही."

मी म्हटलं, बघते.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवसाबाईकडे गेले. ती गच्चीवर जुन्या साडीवर बिबडे घालत होती. ज्वारीचे ते मोठे पापड आमच्याकडे उन्हाळ्यात व्हायचेच. मला पाहून तिने डोक्यावरचा पदर नीट केला. दिशा पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसून बिबड्यांवरचे कावळे हाकत होती. मी आले तशी तिने पाठ फिरवली.

मी शुद्ध मराठीत सगळं समजावलं. तोंडी परीक्षा, घरची भाषा, एक सही. नवसाबाईने ऐकून घेतलं.

"शिकाले पाहिजे ती," ती म्हणाली. "मी अंगठा. तिनी माय चौथी. हाई तरी पुढे जावो. मी जीवनले रोज सांगस. पन मी हिस्पॅनिक शे, असं नही लिखनार बाई. दोनशे मानूसनी समोर नही म्हनेल शे. आते हो म्हनू?"

"नातीसाठी."

"नातनीकर्ता जीव दिसू. इज्जत कशी दिसू?" आमच्यात दिसू म्हणजे देईन.

मी तिथेच एका उलट्या घमेल्यावर बसले. ऊन चढत होतं. आणि मग माझ्या तोंडून निघालं, कसं ते मला कळलं नाही. "नवसाबाई, माले बी समजस. मी ताहाराबादनी शे."

तिचा हात पिठात थांबला. तिने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, जसं काही मी आत्ताच जिना चढून आले.

"तुमी आमनाकडन्या शेतस?"

"हां."

"त्या दिन हापिसमा तुमी बठेल व्हतात. ती मॅडम मना नातनीले घाण म्हने. तव्हय तुमनं तोंडमा काय व्हतं? गूळ?"

मला त्र्याऐंशी सालचा लहानू आठवत होता. कळवणकडचा मुलगा, हाच शब्द बोलला म्हणून मी त्याला आठ दिवस मागच्या बाकावर बसवलं होतं. मला तर अर्थही माहीत होता.

नवसाबाईने एक बिबडा घातला, दुसरा घातला. तिसऱ्याला म्हणाली, "मी अंगठा दिसू. पन पहिले तुमी लिखा. तुमी हिस्पॅनिक शेतस, असं. सहीसंगे. मंग मी."

त्या दुपारी शाळेच्या ऑफिसात मी लिहून दिलं. 'मी, खाली सही करणार, स्वतः हिस्पॅनिक असून...' पुढचं सरांनी सांगितलं, '...परीक्षक म्हणून काम पाहण्यास पात्र आहे.' त्याखाली नवसाबाईचा अंगठा. गोटीराम साक्षीदार. त्याने सही केली आणि पेन खिशाला लावलं.

"बाई," तो म्हणाला, "तुमी आमाला शुद्धलेखनासाठी किती मारलं!"

जीवनला आईने सांगितलं, पंधरा जूनपर्यंत थांब. तो म्हणाला, परीक्षेत बोलली तर राहील, नाही बोलली तर त्याच गाडीतून सोडून येतो. असा करार झाला.

दहा जूनला सकाळी अकरा वाजता, वरच्या मजल्यावर पाचवीच्याच वर्गात परीक्षा होती. सर, मंजुषा मॅडम, मी. पुस्तिकेच्या नियमाप्रमाणे वडीलधारी व्यक्ती म्हणून नवसाबाई कोपऱ्यातल्या खुर्चीत. खाली पिकअप उभी होती, आदल्या रात्रीचा फेरा चुकवून जीवन आत बसून राहिला होता. मी आठवडाभर आरशासमोर सराव केला होता. प्रश्न आणि उत्तरं लिहून एक प्रत मॅडमना दिली होती, म्हणजे त्यांना भाषा कळली नाही तरी आकडा तपासता येईल.

पहिले दोन प्रश्न मी विचारले. दिशा जमिनीकडे बघत राहिली. मॅडमनी दोन शून्यं लिहिली. सरांनी घड्याळ पाहिलं. मला वाटलं, पोरगी चालली ताहाराबादला.

तिसरा प्रश्न मी तिच्या बापाचा केला होता. "तुना बाप रातले आठ वाजता गाडी लिसन वाशीले जाई, आन् सकाय चार वाजता घर येई. तर त्याले कितला तास लागतीन?"

दिशाने मान वर केली. कपाळाला आठी. पुन्हा खाली पाहिलं. बोटं मोजली.

"वीस," ती म्हणाली.

तिचा आवाज त्या खोलीत वर्षभरात पहिल्यांदा ऐकू आला. मी मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी माझ्या कागदाकडे पाहिलं. तिथे मी उत्तर लिहिलं होतं : आठ.

"चूक," मॅडम म्हणाल्या, पण त्यांनाही ते म्हणताना वाईट वाटलं. "बोलली तरी. पण चूक. रात्री आठ ते सकाळी चार, आठ तास."

दिशाने पेटून मान वर केली. आणि स्वच्छ मराठीत, वर्षभर मागच्या बाकावर बसून ऐकलेल्या मंजुषा मॅडमच्या मराठीत, ती म्हणाली, "मॅडम, बाईंनी सकाळी नाही म्हटलं. बाई सकाय म्हणाल्या. आमच्यात सकाय म्हणजे उद्या. रात्री आठ ते उद्या चार, दुपारचे चार, म्हणजे वीस तास होतात. सकाळी चार असेल तर आठ होतात, पण ते होऊच शकत नाही. सकाळी चार वाजता पप्पा वाशीलाच असतात. गाडी खाली व्हायलाच सात वाजतात."

कोपऱ्यातून नवसाबाई हसली. आधी पदरात, मग मोठ्याने. "ओ माय! सकायना अर्थ इसरी गयात बाई! ताहाराबादनी म्हने!"

खरंच विसरले होते. आईने हजारदा म्हटलेला शब्द, 'सकाय जा', 'सकाय दिसू', आणि मी त्यात मराठीतली सकाळ घालून ठेवली होती. परीक्षक म्हणून मी नापास झाले, याबद्दल कोणाचं दुमत नव्हतं.

"आणि बाई," दिशा आता थांबत नव्हती, "पहिल्या प्रश्नात तुम्ही 'पाच क्रेट इकले' म्हणालात. इकले नाही, 'इकी टाकात'. म्हणून मला कळलं नाही. विकले का शिकले?"

मंजुषा मॅडमनी पहिली दोन शून्यं खोडली. पुढचे प्रश्न असे झाले. मी अहिराणीत विचारायचे, दिशा ते दुरुस्त करायची, मॅडमना मराठीत समजावायची, आणि मग उत्तर द्यायची. मधे एकदा मॅडमनी स्वतःच तिला विचारलं, "बरं, आंडेर म्हणजे काय गं?" दिशाने आजीकडे पाहिलं. "मुलगी, मॅडम," ती म्हणाली. "तुमच्या घरी आहे ना एक?" मॅडमनी मान हलवली आणि खाली बघून गुण लिहिले.

पंचवीसपैकी एकवीस. सरांपुढे मात्र पेच पडला. पुस्तिकेत 'घरच्या भाषेत' होतं आणि मुलीने तर अर्धी परीक्षा शाळेच्या भाषेत दिली. कोणता रकाना? गोटीराम दाराशी आला होता, तो म्हणाला, "दोन्ही भरा, सर." सरांनी दोन्ही भरले. जीवन खाली गाडीत होता. आईने त्याला खिडकीतून ओरडून सांगितलं, आणि त्याने उत्तरादाखल हॉर्न वाजवला. मग तो रिकामी गाडी घेऊन माल भरायला गेला.

त्यानंतर काय झालं ते थोडक्यात सांगते.

योगिनीचा अहवाल संस्थेत पहिला आला. मुखपृष्ठावर आमच्या सभेचा फोटो आहे, दोनशे अकरा हात वर. ते कशाच्या विरोधात वर होते हे कुठेही लिहिलेलं नाही. ती आता संस्थेत मोठ्या पदावर आहे. पुस्तिकेची नवी आवृत्ती निघाली, तीत हिस्पॅनिक हा शब्द काढला, आणि एकेचाळिसावं पानही. जागा कमी पडली म्हणे.

ज्ञानेश सर सन्मानाने निवृत्त झाले. निरोप समारंभात त्यांनी आपल्या काळात एकही रकाना रिकामा राहिला नाही, असं सांगितलं, आणि ते खरं होतं.

गोटीरामने उरलेले दोन एकर बिल्डरला दिले. त्या इमारतीचं नाव गुलाब पार्क. लंकाबाई अजून अधूनमधून विचारते, ते हिस्पॅनिकचे फॉर्म पुन्हा कधी सुटणार?

जीवन गाडीच चालवतो. बहिणीच्या घरी मुलं सांभाळायला त्याने पैसे देऊन एक बाई लावून दिली. मंजुषा मॅडम आता पाचवीच्या पहिल्या दिवशी घरी कोण कोण आहे असं विचारत नाहीत. त्या विचारतात, घरी आईला काय म्हणता. उत्तरांवर वर्ग अजूनही हसतो, पण मॅडमही हसतात.

नवसाबाई समितीवर आली, माझ्या जागी, शिक्षणप्रेमी म्हणून. तिला सही येत नव्हती, ती दिशाने शिकवली. चहा मात्र ती घेत नाही, साखर जास्त असते म्हणते.

दिशा यंदा सातवीत आहे. गणितात पहिल्या पाचांत, हिंदीत कच्ची. मोठं झाल्यावर काय व्हायचं असं विचारलं की म्हणते, अजून ठरवलं नाही.

मी घरीच असते. दर रविवारी सटाण्याला भावाला फोन करते. मी अहिराणीत बोलते आणि तो मराठीत उत्तर देतो. नातवंडं इंग्रजी शाळेत आहेत, म्हणतो, घरात तसलं बोललेलं सुनेला चालत नाही.